तांब्याकडून लगद्याकडे : स्टोरा एन्सोची सात शतके

ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. त्याच्या दोनच वर्षे आधी, १६ जून १२८८ रोजी, स्वीडनमध्ये एका चर्मपत्रावर मोहरा उमटल्या. वेस्टेरोसचे बिशप पेटर यांनी फालूनजवळच्या तांब्याच्या डोंगरातला आठवा हिस्सा, आपल्याकडच्या हिशेबात दोन आण्यांची भागी, एका नातलगाकडून परत मिळवल्याचा तो दस्त होता. आज इमारती लाकूड, पुठ्ठा आणि लगदा बनवणारी स्टोरा एन्सो ही स्वीडिश-फिनिश कंपनी आपला इतिहास या दस्तापासून मोजते. जगातल्या सर्वांत जुन्या कंपन्यांमध्ये तिची गणना होते. तिचे वय थक्क करणारे आहेच. पण खाणीतून धातू काढणारा धंदा लाकडाचा कसा झाला, ही गोष्ट त्याहून विलक्षण आहे.

खरे तर लाकूड या धंद्यात पहिल्या दिवसापासून होते. सुरुंगाची दारू हाती येण्यापूर्वी खडक फोडायचा तो आगीने. कामगार संध्याकाळी खडकाच्या भिंतीला लागून ओंडके रचत आणि पेटवून देत. रात्रभर जाळ चाले. सकाळी धूर ओसरला की तापून तडकलेला खडक पहारी आणि हातोड्यांनी सुटा करायचा, आणि संध्याकाळी पुन्हा नवी चिता रचायची. काढलेले खनिज उघड्यावर लाकडाच्या ढिगांवर भाजले जाई, मग कोळशाच्या भट्टीत वितळवले जाई. बोगद्यांचे टेकू लाकडाचे, पाणी उपसणारी चाके लाकडाची, शिड्याही लाकडाच्या. तांब्याचा प्रत्येक गोळा म्हणजे जळालेल्या झाडांचा हिशेब होता. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस १७३४ मध्ये फालूनला आले, तेव्हा गंधकाच्या धुराने खाणीभोवतीची जमीन उजाड झालेली त्यांनी पाहिली आणि नोंदवून ठेवली.

राजा मॅग्नस एरिकसन याने १३४७ मध्ये खाणीला सनद देऊन कारभाराचे नियम घालून दिले. सतराव्या शतकात खाण भरभराटीला आली. १६५० च्या सुमारास वर्षाला सुमारे ३,००० टन तांबे निघत होते, आणि स्वीडनच्या लढायांचा खर्च बऱ्याच अंशी त्यावर चाले. तांबे इतके मुबलक होते की त्याचेच चलन पाडले गेले. १६४४ मध्ये पाडलेले दहा डालरचे ‘नाणे’ म्हणजे १९.७ किलोंचा तांब्याचा पत्रा होता. असे पैसे बाजारात न्यायचे तर गाडीच लागणार. या ओझ्यावर उपाय म्हणून १६६१ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेने कागदी नोटा काढल्या; युरोपातल्या त्या पहिल्या नोटा. तांब्याची जागा कागदाने घेण्याचा हा पहिला प्रसंग. पुढे खुद्द कंपनीच्या बाबतीतही हेच घडायचे होते.

पण अनेक शतके नियोजनाशिवाय पोखरलेला डोंगर किती काळ तग धरणार? २५ जून १६८७ रोजी खाणीच्या भिंती कोसळल्या आणि जमिनीत प्रचंड खड्डा पडला. मध्यग्रीष्माच्या सणामुळे त्या दिवशी खाणीत कोणी नव्हते, म्हणून एकही जीव गेला नाही. तो खड्डा आजही तसाच आहे. २००१ पासून फालूनचा परिसर जागतिक वारसा म्हणून जपला जातो. खाणीच्या टाकाऊ मातीतून मिळणारा लोहयुक्त लाल रंगही टिकून आहे. हा रंग लाकडाला जपतो, म्हणून स्वीडनच्या खेड्यापाड्यांतली लाकडी घरे आजही त्याच तांबड्या रंगात दिसतात.

तांबे ओसरत गेले, तेव्हा कंपनीच्या हाती दोन गोष्टी उरल्या : कोळशासाठी मिळवलेली जंगले आणि दालएल्व नदीचे पाणी. आधी त्यांच्या जोरावर लोखंडाचे कारखाने चालले. १८७० च्या दशकात डोम्नार्वेटचा मोठा पोलाद कारखाना उभा राहिला. पण युरोपात शहरे वाढत होती, घरांना फळ्या हव्या होत्या, वर्तमानपत्रांना कागद हवा होता. जे लाकूड आजवर जळण होते, तेच आता विकायचा माल झाले. १८८० च्या दशकात कंपनीने नदीच्या मुखाशी असलेली स्कुत्शेरची लाकूड गिरणी घेतली आणि पुढे तिथेच लगद्याचे कारखाने उभारले. १९०० मध्ये नदीकाठी क्वार्नस्वेडेनची कागद गिरणी सुरू झाली. हिवाळ्यात तोडलेले ओंडके बर्फ वितळल्यावर नदीत सोडायचे आणि प्रवाहाने ते गिरणीपर्यंत यायचे, ही वाहतूक विसाव्या शतकात बरीच वर्षे चालू होती.

एका झाडाचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. बुंध्याचा जाड, सरळ भाग लाकूड गिरणीत जातो आणि त्याच्या फळ्या, तुळया होतात. शेंड्याकडचा बारीक भाग आणि विरळणीत काढलेली लहान झाडे लगद्यासाठी जातात. साल काढून लाकडाच्या ढलप्या करतात. मोठ्या उभ्या पाचकात, सुमारे १७० अंश सेल्सियस तापमानात आणि दाबाखाली, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात त्या शिजवतात. धाग्यांना धरून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू मोकळे होतात. साधारण निम्मे लाकूड लगदा म्हणून हाती लागते. उरलेला काळा द्रव आटवून भट्टीत जाळतात. त्यातून गिरणीला वाफ आणि वीज मिळते, आणि तळाशी जमणारी रसायने पुन्हा पाचकात जातात. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला बांबूचा लगदा काढण्यामागचे तत्त्वही हेच. थंडीत सावकाश वाढणाऱ्या स्प्रूस आणि पाइनचे तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतात, त्यामुळे पुठ्ठ्याला बळकटी येते. निलगिरीचे आखूड तंतू छपाईच्या कागदाला गुळगुळीतपणा देतात. स्कुत्शेरला आज मुख्यतः बाळांच्या डायपरमध्ये लागणारा मऊ, शोषक लगदा तयार होतो.

कंपनीचा दुसरा अर्धा भाग फिनलंडचा. नॉर्वेच्या हान्स गुत्साइट यांनी १८७२ मध्ये कोटका बंदरात वाफेवर चालणारी लाकूड गिरणी काढली. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर १९१८ मध्ये सरकारने या कंपनीचे बहुसंख्य समभाग घेतले, कारण लाकूड हीच त्या नव्या देशाची मोठी संपत्ती होती. पुढे ती एन्सो-गुत्साइट झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्सो हे गाव गिरणीसह सोव्हिएत संघाकडे गेले. नाव मात्र कंपनीकडे राहिले. इकडे स्वीडनमध्ये १९७८ मध्ये पोलादाचा धंदा सरकारी सहभागाच्या नव्या कंपनीत गेला आणि ८ डिसेंबर १९९२ रोजी फालूनची खाणही कायमची बंद झाली. आता उरले ते जंगल. १९९८ मध्ये स्वीडनची ही कंपनी, म्हणजे स्टोरा, आणि फिनलंडची एन्सो एक झाल्या.

जंगल टिकले, त्यामागे कायद्याचा मोठा हात आहे. तोडलेल्या जागी पुन्हा झाडे उभी राहिली पाहिजेत, असे बंधन स्वीडनने १९०३ च्या वनकायद्याने जमीनमालकांवर घातले. उत्तरेकडे झाड तयार व्हायला ६० ते १०० वर्षे लागतात. लावणारा माणूस ते तोडायला जिवंत नसतो. ब्राझीलच्या बाहिया राज्यात निलगिरी सुमारे सात वर्षांत तयार होते, म्हणून २००५ मध्ये तिथे भागीदारीत वेरासेल ही लगद्याची गिरणी सुरू झाली. एकाच जातीच्या या लागवडींवरून आणि जमिनीच्या हक्कांवरून तिथे तीव्र वादही झाले. २०२४ मध्ये फिनलंडच्या हुक्कायोकी नदीत तोडणीची यंत्रे उतरवल्याने गोड्या पाण्यातले हजारो मोती-शिंपले मेले, आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पुन्हा लावलेली झाडे म्हणजे मूळचे अरण्य नव्हे, याची आठवण अशा घटना करून देतात.

छापील वर्तमानपत्रे घटली, तशी क्वार्नस्वेडेनची गिरणी २०२१ मध्ये बंद झाली. कंपनीचा भर आता पुठ्ठ्याच्या वेष्टनांवर आणि इमारतींसाठी आडव्या-उभ्या थरांनी चिकटवलेल्या लाकडी फलकांवर आहे. तांबे, लोखंड, वर्तमानपत्राचा कागद : तिचा प्रत्येक मोठा माल कधी ना कधी ओसरला. डोंगर एकदाच पोखरता येतो. जंगल मात्र तोडणाऱ्याने परत लावले, नद्या सांभाळल्या आणि शेवटच्या झाडापर्यंत हाव धरली नाही, तर पिढ्यान् पिढ्या देत राहते. ही कंपनी आणखी किती शतके जगेल, ते हाच नियम ठरवणार आहे. आणि जंगलावर जगणाऱ्या प्रत्येक धंद्याला, आपल्याकडच्याही, तोच लागू आहे.