झिजलेला लेथ, पहिला दिवस

सकाळी ७
शिवाजी उद्यमनगरातलं हे वर्कशॉप बंद होतंय. मालकांची मुलं नोकरीला पुण्यात, आणि लेथ भंगारवाला किलोनं मागतोय. सहा फुटी बेड, हेडस्टॉकवर मैसूर किर्लोस्कर, हरिहर ही पाटी. तुंगभद्रेकाठी १९४१ साली सुरू झालेला तो कारखाना आता बंद आहे, त्यामुळे मोडलेला गिअर कंपनीकडून मागवायची सोय नाही. माझं काम पंप दुरुस्तीचं. गनमेटलचा एक बुश बाहेरून करून आणायचा तर दिवस मोडतो, म्हणून हा लेथ हवाय.

बरोबर आमचे टर्नर मामा आहेत. ते रंगाकडे बघतसुद्धा नाहीत. ‘‘रंग काल मारलाय. बेड बघ.’’ चकजवळ कॅरेजच्या पट्ट्या बेतानं आवळून ते चाक फिरवत टेलस्टॉककडं निघतात. निम्म्यावर गेल्यावर चाक जड होतं. बहुतेक जॉब चकजवळच होतात, म्हणून बेड तिथंच झिजतो. पलीकडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. मग चकमध्ये रॉड धरून लाकडी दांड्यानं वर उचलतात. डायल गेजचा काटा जेमतेम हलतो. क्रॉस स्लाइडचं हँडल उलट घेतलं तर मात्र पाव फेरा रिकामा जातो.

‘‘बॅकलॅश चालतंय, ओळखून वागायचं. बेअरिंग गेलं असतं तर नको म्हटलं असतं.’’ भंगाराच्या भावापेक्षा थोडं वर देऊन सौदा ठरतो.

सकाळी ९.३०
उचलायला हायड्रा क्रेन आली. टनभर वजन, त्यातलं निम्म्याहून जास्त हेडस्टॉकच्या बाजूला. तोल साधावा म्हणून मामा कॅरेज आणि टेलस्टॉक पार टोकाला नेऊन आवळतात. पट्टा बेडखालून घ्यायचा. लीड स्क्रूवर दाब आला तर तो वाकतो, आणि वाकलेल्या स्क्रूवर आटे बरोबर पडत नाहीत.

दुपारी १२
आमच्या शेडमध्ये लेव्हल लावायचं काम. लेव्हलवरचं एक घर म्हणजे मीटरमागे ०.०२ मिलिमीटर उतार. बुडबुडा पळतो, पत्र्याची पट्टी सरकते, नट आवळला की बुडबुडा पुन्हा पळतो. बेड उतरता असला तरी निभावतं, पीळ पडलेला नको. म्हणून लेव्हल आडवी ठेवून दोन्ही टोकांचं माप जुळवायचं.

दुपारी २
जेवण उरकून केरोसीननं धुणं. मग तेल. वायरमन थ्री फेज जोडतो. चक उलटं फिरतं, दोन वायरी अदलाबदल केल्यावर सुलटं.

दुपारी ३
टूल लावण्याआधी मामा माझी तयारी करून घेतात. घड्याळ काढ, बाह्या दुमड, हातमोजे नकोत. चकची किल्ली चकात ठेवून हात सोडायचा नाही, आणि निघालेला कीस हातानं ओढायचा नाही, आकडी घ्यायची.

पहिला जॉब २५ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा रॉड. हायस्पीड स्टीलच्या टूलला मिनिटाला २५ मीटर वेग धरला तर साधारण ३२० फेरे येतात; त्याच्या जवळचा गिअर टाकला. डायलचं एक घर म्हणजे एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. टूल दहा थाऊ आत गेलं की व्यास वीस थाऊंनी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरनं घटतो. जास्त आत गेलं तर नुसतं मागं घेऊन भागत नाही. बॅकलॅशच्या पलीकडं जाऊन पुन्हा आत यायचं, म्हणजे डायल खरं बोलतं.

दुपारी ४.३०
खरी परीक्षा. रॉड एकाच बाजूनं चकात, टेलस्टॉकचा आधार नाही. सहा इंचांच्या अंतरानं दोन कॉलर ठेवून दोन्हींवरून एकाच सेटिंगनं बारीक कट. मायक्रोमीटरवर चार शतांश मिलिमीटरचा फरक. मामा टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ पट्टी सारतात, पुन्हा कट, पुन्हा माप. तासाभरानं फरक एक शतांशावर येतो. ‘‘आता पीळ गेला. उरली ती झीज, ती पट्टीनं जायची न्हाई.’’

संध्याकाळी ६
दीड मिलिमीटर पिचचे आटे. लीड स्क्रू इंचात चार आट्यांचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण इंची स्क्रू वर्कशॉपांतून फिरतच राहिले. अशा लेथला लागतो १२७ दातांचा गिअर, कारण २५.४ ची पाचपट १२७. तो विकणाऱ्यानं दिलेल्या डब्यातच सापडला. गिअरबॉक्स एकास एक. स्पिंडलकडं ३० दाती, लीड स्क्रूवर १२७ दाती, मधे आयडलर: पिच बरोबर दीड मिलिमीटर. एकच पथ्य. आटे पुरे होईपर्यंत हाफ नट सोडायचा नाही; टूल बाहेर काढून मोटर उलटी फिरवत परत यायचं. नट सोडला तर पुढचा कट त्याच खाचेत पडेल याची खात्री नाही.

संध्याकाळी ७.३०
वहीत मशीनच्या खोडी लिहून काढल्या: बॅकलॅश किती, कुठल्या अंतरात व्यास किती बदलतो. यावरून कामाची वाटणीही झाली. चार इंचांच्या आतले बुश आणि स्लीव्ह इथं करायचे. लांब शाफ्टला अख्ख्या बेडवरून जावं लागतं, तो पूर्वीसारखा बाहेरच. बेड ग्राइंड करून घ्यायचा खर्च लेथच्या किमतीपेक्षा जड जाईल, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहा पंपांतल्या बहुतेकांना बुशच लागतो. उद्या सकाळी पहिला तोच.