खौलाचा वाद

मदिनेतल्या खौला बिन्त सअलबाच्या म्हाताऱ्या नवऱ्याने एक दिवस रागाच्या भरात तिला सांगून टाकले की, तू मला आईच्या ठिकाणी आहेस. इस्लामपूर्व अरबस्तानात एवढ्या एका वाक्याने बायको नवऱ्याला वर्ज्य होई. ‘जिहार’ म्हणत त्याला. यात बाईला सोडचिठ्ठी मिळत नसे आणि दुसरे लग्नही करता येत नसे. ना धड बायको, ना धड मोकळी, अशी तिची गत होई.

खौला थेट मुहम्मद पैगंबरांकडे गेली. परंपरेने जपलेल्या कथनांनुसार पैगंबरांनी तिला सांगितले की, तू आता त्याला निषिद्ध झालीस. ती हटली नाही. माझी उमेद याच्या संसारात गेली, पोरे झाली, आणि आता उतारवयात हा असे बोलतो, हे ती परत परत मांडत राहिली. हजरत आयशा तेव्हा घरातच होत्या. मी घराच्या कोपऱ्यात असूनही तिचे काही बोलणे मला ऐकू आले नाही, पण अल्लाने ते सात आसमानांवरून ऐकले, असे त्यांनी नंतर सांगितले. मग आयती अवतरल्या आणि त्यांनी ते वाक्य पोकळ ठरवले. तसे बोलणाऱ्या नवऱ्यालाच प्रायश्चित्त सांगितले गेले: एक गुलाम मुक्त करायचा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालायचे. ज्या सूरेत हे येते ती कुराणातली अठ्ठावन्नावी. तिचे नावच ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी. पुढे खलिफा झालेल्या हजरत उमर यांना याच खौलाने रस्त्यात थांबवून बराच वेळ सुनावले आणि ते खाली मान घालून ऐकत उभे राहिले, असेही तफसीरकार, म्हणजे कुराणाचे भाष्यकार, नोंदवतात.

इस्लाममधली हिंसा, प्रेषितत्व आणि स्त्रीचे स्थान या विषयांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, हे सगळे केव्हाच ठरून गेले आहे, तुम्ही विचारणारे कोण? दुसरा म्हणतो, या धर्मात प्रश्न विचारण्याची सोयच नाही. एकमेकांचे हाडवैरी असूनही दोघे मुद्द्यावर एकच बोलतात, आणि खौलापासूनचा इतिहास दोघांनाही खोटे पाडतो.

प्रेषितत्वाचेच घ्या. बाई पैगंबर होऊ शकते का, हा प्रश्न दहाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात, म्हणजे कोर्दोबात, एवढा पेटला की विद्वानांत तट पडले. त्या वादाची सविस्तर मांडणी आपल्याला मिळते ती इब्न हज्मकडून. जन्म ९९४चा, वडील वजीर. आपले बालपण जनानखान्यात गेले, कुराण, कविता आणि अक्षर आपल्याला बायकांनीच शिकवले, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. ज्याने अक्षर बाईच्या हाताखाली गिरवले, त्याला बाईला ईश्वरी संदेश येऊ शकतो यात अशक्य काही वाटले नसावे.

अर्थात, त्याने भावनेवर काही सोडले नाही. शब्दांच्या उघड अर्थालाच प्रमाण मानणाऱ्या जाहिरी पंथाचा तो होता आणि युक्तिवादात अत्यंत कडक होता. विरोधकांचे म्हणणे असे की, आम्ही पुरुषांनाच पाठवले असे कुराण सांगते. इब्न हज्मचे उत्तर: ती आयत रसूलांबद्दल, म्हणजे लोकांकडे संदेश घेऊन धाडलेल्यांबद्दल आहे. नबी, म्हणजे ज्याला ईश्वराकडून ‘वही’ (ईश्वरी संदेश) येते तो, ही निराळी गोष्ट. मूसांच्या आईला वही आली आणि तिने तान्हे मूल नदीत सोडले. तो ईश्वराचा शब्द असल्याची पक्की खात्री नसती, तर असे करणारी आई वेडी ठरली असती. कोणी म्हणाले, वही तर मधमाशीलाही आल्याचे कुराण सांगते. त्याने ती उपजत प्रेरणा म्हणून बाजूला काढली. कोणी म्हणाले, मरियमला कुराण फक्त ‘सिद्दीका’, म्हणजे सत्यनिष्ठ, म्हणते. त्याने दाखवले की यूसुफलाही ‘सिद्दीक’च म्हटले आहे, आणि यूसुफ पैगंबर आहेत याबद्दल कोणाला शंका नाही. मरियम, मूसांची आई, इसहाकांची आई सारा आणि फिरऔनची बायको आसिया यांचे प्रेषितत्व त्याने असे मांडले.

बहुमत त्याच्या बाजूचे नव्हते. अकराव्या शतकात इराणकडचे मोठे धर्मशास्त्री जुवैनी यांनी तर मरियम पैगंबर नव्हती याबद्दल एकमत असल्याचे लिहिले. एकमत! दुसऱ्या टोकाला इब्न हज्म नेमके उलटे लिहीत होता, आणि दोन शतकांनी कुर्तुब्याच्याच अल्-कुर्तुबीने आपल्या विख्यात तफसीरमध्ये मरियमला नबी मानले. ‘सगळ्यांचे एकमत आहे’ हे वाक्य कोणत्याही धर्मात ऐकू आले की तारीख आणि गाव विचारावे, हे मी इथे शिकलो.

हिंसेचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. तिथे परंपरेने सुधारकांसाठी एवढी मोकळी जागा ठेवलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. चौथ्या सूरेतली चौतिसावी आयत बायको उद्दाम झाल्याची भीती वाटणाऱ्या नवऱ्याला तीन पायऱ्या सांगते. समजावणे, अंथरूण वेगळे करणे, आणि तिसरी मारण्याची. ही आयत कशी आली, हे तफसीरांतून वाचताना अंगावर काटा येतो. नवऱ्याने थोबाडीत मारलेली एक अन्सारी बाई वडिलांसोबत तक्रार घेऊन आली, पैगंबरांनी तिला फिटंफाट करण्याचा हक्क दिला, आणि तेवढ्यात आयत आली. आपल्याला एक हवे होते आणि अल्लाला दुसरे, असे पैगंबर म्हणाल्याचे कथन सांगते. हदीसांत, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आणखी एक प्रसंग आहे. पैगंबरांनी आधी बायकांना मारू नका असे बजावले. बायका शिरजोर झाल्या, अशी तक्रार उमर यांनी आणल्यावर मुभा दिली. मग पुष्कळ बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन पैगंबरांच्या घरी जमल्या, आणि असे नवरे तुमच्यातले चांगले लोक नव्हेत, असा शेरा त्यांनी मारला. पैगंबरांनी स्वतः कधी कोणा बाईवर हात उचलला नाही, अशी आयशांची साक्षही आहे.

आठव्या शतकात मक्केचे अता बिन अबी रबाह म्हणाले, नवऱ्याने रागवावे, पण मारू नये. विसाव्या शतकात ट्युनिशियाच्या इब्न आशूर यांनी राज्यसत्तेला अशा नवऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार दिला. पण मधल्या हजार वर्षांत काय होते? अभ्यासक आयेशा चौधरी यांनी २०१३च्या ग्रंथात जुन्या तफसीरा आणि फिकहचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, ग्रंथ चाळून दाखवले की, मारण्याची मुभा जवळजवळ सगळ्यांनी मान्य केली होती. वाद होता तो किती आणि कसे मारावे याचा. लाले बख्तियार यांनी कुराणाच्या २००७च्या इंग्रजी भाषांतरात मारण्याऐवजी दूर होण्याचा अर्थ लावला. त्यांचा हेतू नितळ आहे, पण मला अभ्यासक आमिना वदूद अधिक पटतात. त्यांनीही आधी नवा अर्थ लावून पाहिला होता. २००६मध्ये मात्र त्यांनी लिहिले की, या आयतीच्या शब्दशः अंमलाला आपण सरळ नकार देतो. श्रद्धावान बाईने श्रद्धा न सोडता दिलेला हा नकार आहे. भूतकाळाला रंगसफेदी करून त्यावर सुधारणा उभी करण्यापेक्षा हा रस्ता खडतर आहे, पण पक्का आहे.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. जिहारचे एक वाक्य आणि तीन तलाकचे तीन शब्द यांत बाईच्या दृष्टीने काय फरक? १८ एप्रिल १९६६ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची आणि समान नागरी कायद्याची. संख्या सात, म्हणून हसणारे तेव्हाही होते. २२ मार्च १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले. दलवाईंनी कुराणाचा आधार शोधला नाही, ते नागरिकत्वाच्या भाषेत बोलले. असगर अली इंजिनिअर यांनी मुंबईत बसून उलट वाट धरली आणि कुराणातूनच स्त्रीचे हक्क मांडले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराण आणि संविधान दोन्ही हातांत घेतली, आणि २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क बायकांना परत मिळवून दिला.

लातूरच्या एका जोडप्याच्या खटल्यात २००२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्याच औरंगाबादच्या पूर्णपीठाने सांगितले की, तलाक दिला असे नवऱ्याने नुसते म्हणून भागणार नाही. कारण आणि समेटाचे प्रयत्न त्याला सिद्ध करावे लागतील. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तीन तलाक रद्द केला. त्या तिघांपैकी न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुराणालाच धरून नाही, या आधारावर निकाल दिला. म्हणजे शेवटी खौलाचाच युक्तिवाद कामी आला. २०१९च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. नवरा तुरुंगात गेल्यावर बाईच्या चुलीचे काय, हा मुस्लिम स्त्री संघटनांतूनच आलेला प्रश्न मला रास्त वाटतो. मारहाणीबाबत तर संदिग्धता नाहीच. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा बाईचा धर्म विचारत नाही.

बहुपत्नीत्व आणि निकाह हलाला (तलाकनंतर पहिल्या नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याची अट) यांविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये घटनापीठाकडे सोपवल्या. त्या दाखल करणाऱ्यांत मुस्लिम स्त्रिया आहेत. आपल्या गावात, महाविद्यालयात, व्याख्यानमालेत या विषयावर परिसंवाद ठेवाल, तेव्हा पहिले निमंत्रण त्यांच्यासारख्या बाईला पाठवा, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तिला तोडू नका.