शर्यतीवाचून कस

पॅरिसहून ब्रेस्टच्या बंदरापर्यंत जाऊन परतण्याची सायकल-शर्यत १८९१ मध्ये एका वृत्तपत्राने सुरू केली. विजेता शार्ल तेराँ ७२ तासांच्या आत परतला. व्यावसायिकांची ती शर्यत १९५१ नंतर संपली. टिकला तो १९३१ पासूनचा हौशी सायकलस्वारांचा उपक्रम. आता दर ४ वर्षांनी सुमारे १,२०० किलोमीटर अंतर जास्तीत जास्त ९० तासांत कापायचे असते. ठरलेल्या तपासणी-नाक्यांखेरीज वाटेत पथकाची मदत घेता येत नाही. पंक्चर आपणच काढायचे, झोपेचा हिशेबही आपणच ठेवायचा. येथे पहिला-दुसरा क्रमांक नाही. मुदतीत परतणारा प्रत्येक जण यशस्वीच. गुणानुक्रमावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे : कोणालाही मागे न टाकता माणसाचा कस लागू शकतो.