परवानगीची घुसखोरी

एखाद्या संस्थेच्या संगणक यंत्रणेत बाहेरच्या माणसाला शिरता येते का, हे त्याच संस्थेच्या लेखी परवानगीने तपासणे आणि सापडलेल्या फटी कशा बुजवायच्या ते सांगणे, हे सुरक्षा चाचणीचे काम. ते करणाऱ्याला बोलीत एथिकल हॅकर म्हणतात. नोकरीच्या जाहिरातीत मात्र पेनटेस्टर, सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट किंवा व्हीएपीटी इंजिनिअर अशी नावे दिसतात. या कामातली हत्यारे आणि युक्त्या चोराच्याच असतात. वेगळा असतो तो परवानगीचा कागद आणि शेवटी लिहावा लागणारा अहवाल. या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक तरुण हत्यारांपासून सुरुवात करतात आणि या दोन गोष्टी शिकायचे राहून जाते.

महाराष्ट्रात या कामाची गरज ठळकपणे दाखवली ती पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरच्या हल्ल्याने. 11 ऑगस्ट 2018 रोजी, शनिवारी, काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि 13 तारखेला बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण नुकसान 94 कोटींच्या वर होते. एटीएममधून आलेली विनंती एका स्विच यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तिथे खात्यातली शिल्लक पाहिली जाते आणि मग होकार मिळतो. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून ही वाटच वळवली. विनंत्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत, मधल्या मध्ये खोटा होकार दिला गेला. त्यामुळे खातेदारांच्या शिल्लकेला धक्का लागला नाही, पैसा गेला तो बँकेचा. 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता.

या घटनेनंतर सुमारे दोन महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018 रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट जाहीर केली. 31 डिसेंबर 2019 रोजी तिचा विस्तार करून बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तरांत विभागणी झाली. वरच्या स्तरांतल्या बँकांना ठरावीक काळाने त्रुटींची तपासणी आणि प्रत्यक्ष शिरकावाची चाचणी, म्हणजेच व्हीएपीटी, करून घ्यावी लागते. जालन्यासारख्या, सहकारी पतव्यवहाराची जुनी सवय असलेल्या जिल्ह्यात या नियमांना विशेष अर्थ आहे. मोठ्या शहरातल्या बँकेकडे स्वतःचा सुरक्षा विभाग असतो. तालुक्याच्या बँकेत तेच काम एखाद्या संगणक अधिकाऱ्याच्या टेबलावर इतर दहा कामांबरोबर येते.

पण धोका नेहमी परदेशातूनच येतो असे नाही. 2025 साली जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातला कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार चव्हाट्यावर आला. महसूल अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड इतरांनी वापरून अपात्र किंवा बनावट नावे यादीत घातल्याचा आरोप चौकशीतून पुढे आला. इथे कोणी संकेतावली फोडली नाही की विषाणू सोडला नाही. तरीही सुरक्षा तपासनिसाच्या दृष्टीने हा अगदी मूलभूत धडा आहे: कोणाला काय करण्याचा अधिकार आहे, तो अधिकार खरोखर त्याच माणसाच्या हातात आहे का, आणि कोणी काय केले याची नोंद राहते का? एकाने भरायचे आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे, ही व्यवस्था कागदावर असते. दोघांचे पासवर्ड एकाच्याच वहीत असतील तर ती कागदावरच राहते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार नियंत्रणातला दोष 2017 मध्ये पाचव्या क्रमांकावर होता, 2021 मध्ये तो पहिला आला. संकेतस्थळावर स्वतःचे बिल उघडून पत्त्यातला 1041 हा आकडा 1042 केला आणि शेजाऱ्याचे बिल दिसले, तर तो याच जातीचा दोष. नवशिक्याला सर्वांत आधी हा दोष ओळखायला शिकवावे.

मात्र तो आकडा दुसऱ्याच्या खऱ्या संकेतस्थळावर बदलून पाहणे म्हणजे कायद्याशी गाठ. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविना संगणकात प्रवेश केला, माहिती उतरवून घेतली किंवा यंत्रणा बंद पाडली, तर भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 70 खाली संरक्षित घोषित केलेल्या यंत्रणेत शिरले, तर कैद दहा वर्षांपर्यंत जाते. आपला हेतू चांगला होता म्हणून कलम 43 आपोआप दूर होत नाही. महाविद्यालयाच्या निकालाच्या पोर्टलमधली चूक ‘सहज म्हणून’ दाखवायला जाणारे विद्यार्थी इथेच अडकतात. व्यावसायिक चाचणीपूर्वी करारात कोणते सर्व्हर, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, काय करायचे नाही आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा हे सारे लिहिलेले असते. यालाच धंद्यात स्कोप म्हणतात, आणि स्कोपबाहेर एक पाऊलही टाकायचे नसते.

सरावासाठी म्हणूनच स्वतःचीच प्रयोगशाळा लागते. 8 जीबी, शक्य असल्यास 16 जीबी मेमरीचा लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, एका आभासी यंत्रात काली लिनक्स आणि दुसऱ्यात मुद्दाम भोके ठेवून बनवलेले मेटास्प्लॉइटेबल, डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप. हे सगळे मोफत मिळते. दोन्ही यंत्रे घरच्या वायफायपासून तोडलेल्या अंतर्गत जाळ्यात ठेवावीत. भोके असलेले यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे तिजोरी चौकात मांडणे.

काली लिनक्स 2013 मध्ये आले आणि त्यात शेकडो साधने तयारच असतात. नवशिक्याचे नुकसान नेमके याच सोयीने होते. पहिल्या काही महिन्यांत साधनांपेक्षा पाया महत्त्वाचा: आयपी पत्ता आणि पोर्ट म्हणजे काय, डीएनएस नावावरून पत्ता कसा शोधतो, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एचटीटीपीचा संवाद कसा होतो, कुकी कशासाठी असते, लिनक्समध्ये फाइलचे अधिकार कसे ठरतात. त्यासोबत पायथॉन आणि थोडे एसक्यूएल. वायरशार्कमध्ये स्वतःच्याच लॅपटॉपची वाहतूक वाचता आली, की पुढचे बरेच काही उलगडते. मग एनमॅपने उघडी पोर्ट शोधणे, बर्प सूटने ब्राउझरची विनंती मध्येच थांबवून बदलणे, असा क्रम लागतो. बर्प सूट बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे आणि तिच्यातले प्रयोग पैसे घेऊन चालणाऱ्या बऱ्याच शिकवण्यांपेक्षा सरस आहेत. ट्रायहॅकमी आणि हॅक द बॉक्स इथेही अधिकृत परवानगीने हात चालवता येतो.

जालन्याची औद्योगिक वसाहत पोलादासाठी ओळखली जाते. इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल आणि टीएमटी सळया. बियाणे उद्योगाची तर ही राजधानीच मानली जाते; महिको कंपनी 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच उभी केली. अशा जिल्ह्यातल्या तपासनिसाला बँकेपलीकडच्या दोन गोष्टी समजायला हव्यात. बियाणे कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे वाणांच्या संशोधनाची माहिती. ती चोरीला गेली तरी गोदामातले एक पोतेही हलत नाही, त्यामुळे चोरी कळायला वेळ लागतो. कारखान्यात वेगळीच अडचण. भट्टी किंवा मिल चालवणारे पीएलसी नावाचे नियंत्रक अनेकदा जुने असतात, आणि कार्यालयीन संगणकाला ज्याने काही होत नाही अशा साध्या एनमॅप स्कॅननेही ते अडकू शकतात. चालू उत्पादनात नियंत्रक थांबला, तर प्रश्न माहितीचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून इथे चाचणी देखभालीच्या सुट्टीत किंवा वेगळ्या ठेवलेल्या नियंत्रकावर करतात, आणि पुष्कळदा कार्यालयाचे व यंत्रशाळेचे जाळे एकमेकांपासून तोडले आहे का, एवढेच पाहतात. तेवढ्यानेही बरेच हाती लागते.

शिक्षणाच्या वाटा जवळच आहेत. छत्रपती संभाजीनगरात नायलिट या सरकारी संगणक शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा सायबर सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, डायटिस, सी-कॅट प्रवेश परीक्षेतून मिळतो. प्रमाणपत्रांमध्ये सीईएचचे नाव भारतीय जाहिरातींत सर्वाधिक दिसते. प्रत्यक्ष कौशल्य मात्र ओएससीपी अधिक कसून पाहते: 23 तास 45 मिनिटांत दिलेली यंत्रे फोडायची आणि पुढच्या 24 तासांत अहवाल द्यायचा. दोन्ही महाग आहेत. पाया पक्का होण्याआधी कर्ज काढून त्यांच्या मागे लागू नये. नल या खुल्या समुदायाच्या पुण्यातल्या मोफत बैठका आणि 2010 पासून गोव्यात भरणारी नलकॉन परिषद इथे व्यवसायातली माणसे प्रत्यक्ष भेटतात.

बग बाउंटी, म्हणजे दोष शोधून बक्षीस मिळवणे, हीदेखील अधिकृत वाट आहे. हॅकरवन आणि बगक्राउड या मंचांवर कंपन्या आपापले नियम जाहीर करतात. जाहीर झालेल्या नियमांत जेवढे बसते तेवढीच परवानगी. स्पर्धा जगभरची, म्हणून याला पगार समजू नये, सराव समजावा. कामाच्या ओघात सरकारी किंवा इतर यंत्रणेत दोष नजरेस पडला, तर तो समाजमाध्यमावर न टाकता सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याची अधिकृत सोय आहे.

जालन्याच्या तरुणाची पहिली नोकरी बहुधा पुणे-मुंबईच्या एखाद्या ऑडिट कंपनीत लागेल, कारण सर्ट-इन अशा कंपन्यांची नोंदणीकृत यादी ठेवते आणि बँका व सरकारी कार्यालये काम बहुधा तिच्यातल्यांनाच देतात. तिथे उमेदवाराच्या हातात पहिल्या दिवसापासून पडतो तो अहवाल. दोष कुठे आहे, तो पुन्हा कसा दाखवता येईल, त्यातून किती नुकसान होऊ शकते, किती तातडीने दुरुस्त करावा आणि कसा, हे संगणक अधिकाऱ्याला व संचालक मंडळाला, दोघांनाही समजेल असे लिहायचे असते. त्यात ग्राहकांची खरी माहिती उघडी पडू द्यायची नसते. दुरुस्ती झाल्यावर तोच दोष पुन्हा तपासायचा, बुजला असेल तर तशी नोंद करायची आणि चाचणीत हाती आलेली सगळी माहिती करारानुसार नष्ट करायची. त्यानंतरच ते काम फाइलबंद होते.