विश्लेषण : हार्ड डिस्कमधले जुने वाघ पुन्हा का उघडले जात आहेत?

ताडोबाच्या सफारीत दहा-पंधरा वर्षांपूर्वी टिपलेला, पण अंधारा आणि दाणेदार म्हणून बाजूला पडलेला वाघ आज छापण्याजोगा दिसू शकतो. फाइल तीच, कॅमेराही तोच. बदलले ते सॉफ्टवेअर आणि ते वापरणाऱ्याचा हात. मात्र जुना फोटो सुधारणे कुठे संपते आणि नसलेले चित्र काढणे कुठे सुरू होते, हा प्रश्नही त्याबरोबर आला आहे.

जुन्या फाइलमध्ये नवे काय सापडते?

जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच शिजवून वाढलेले ताट. रंग, उजळपणा, शार्पनेस सगळे ठरलेले आणि उरलेली माहिती टाकून दिलेली. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने नोंदवलेला कच्चा शिधा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिट रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे बांबूच्या सावलीत बसलेल्या वाघाचा काळवंडलेला चेहरा उजळला, तरी त्यातले तपशील टिकतात. पहाटेचा निळसर रंगही नंतर दुरुस्त करता येतो, कारण व्हाइट बॅलन्स रॉमध्ये पक्का झालेला नसतो. २०१० साली आलेल्या निकॉन डी७००० सारख्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्येही हे सगळे होतेच. ते बाहेर काढण्याची साधने तेव्हा तोकडी होती.

मग नेमके बदलले काय?

तिबोटी खंड्याचे उदाहरण घ्या. हा चिमुकला पक्षी कोकणात दिसतो तो पावसाळ्यात, दाट झाडीतल्या ओढ्याकाठी. वर ढग, खाली सावली. आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि जुन्या कॅमेऱ्यात फोटोभर रंगीत ठिपके उठतात. यालाच ‘नॉइज’ म्हणतात. पूर्वीची सॉफ्टवेअर हे ठिपके शेजारच्या रंगात मिसळून टाकत. ठिपक्यांबरोबर पिसांचे पोतही जाई आणि पक्षी मेणाचा दिसे.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. नवी साधने हा अंदाज आणि नॉइज काढणे ही दोन्ही कामे एकत्र करतात, तीही असंख्य फोटोंवर शिकवलेल्या एआय मॉडेलच्या आधारे. डीएक्सओचे ‘डीपप्राइम’ २०२० मध्ये आले, अडोबी लाइटरूममधले एआय ‘डीनॉइज’ एप्रिल २०२३ मध्ये. त्याआधी २०२१ मध्ये लाइटरूममध्ये एका क्लिकवर फक्त प्राणी किंवा पक्षी निवडण्याची सोय झाली. पार्श्वभूमी गुळगुळीत करायची आणि पिसांना हात लावायचा नाही, हे काम त्यामुळे मिनिटाचे झाले.

हात सुधारला म्हणजे काय?

नवशिक्याच्या फोटोतला वाघ भगवा आणि गवत पोपटी असते. ‘क्लॅरिटी’ आणि ‘सॅच्युरेशन’चे स्लायडर उजव्या टोकाला नेलेले, शार्पनेस इतका की मिशांभोवती पांढरी कडा. काही वर्षांच्या सरावानंतर तोच माणूस सावली सावलीच ठेवतो, उजेड फक्त डोळ्यांपाशी किंचित वाढवतो. खरे तर जुने फोटो नव्याने करताना निम्मे काम असते ते जुने संस्कार पुसण्याचेच.

धोका कुठे आहे?

एआय जे पाहत नाही ते कल्पनेने भरू शकते. फोटो भिंतीवर लावायचा असेल तर फारसे बिघडत नाही. पण वन्यजीवांचा फोटो पुरावाही असतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही एकसारखे नसतात. व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ ओळखले जातात ते याच पट्ट्यांवरून. धूसर कुशीवर सॉफ्टवेअरने एखादा पट्टा जोडला किंवा पुसला, तर वाघाची ओळखच चुकेल. तिबोटी खंड्याच्या नावातच त्याची तीन बोटे आहेत. चौथे उगवले तर हसूच होईल.

स्पर्धाही याबाबत कडक आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धा क्रॉप, उजळपणा, नॉइज कमी करणे चालवून घेते, पण आड आलेली फांदी पुसणे चालत नाही आणि पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागितली जाते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद केल्या होत्या.

काय परत येत नाही?

भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे पंख दुपारच्या उन्हात पूर्ण पांढरेफटक झाले असतील, तर तिथे माहितीच नसते. फोकस चुकलेला डोळाही परत येत नाही. तो ‘धारदार’ करणारे सॉफ्टवेअर नवा डोळा काढत असते. फक्त जेपेग उरले असेल तर वाव फारच कमी.

सुरुवात कशी करावी?

लाइटरूममध्ये जुन्या कामाची व्हर्च्युअल कॉपी करून तिच्यावर काम करावे. जुन्या फोटोला जुनीच ‘प्रोसेस व्हर्जन’ चिकटलेली असते, ती आधी बदलावी. नॉइज सुरुवातीलाच काढावा, शार्पनेस सर्वांत शेवटी. पैसे न खर्चता शिकायचे तर ‘डार्कटेबल’ मोफत आहे. रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, कारण जुन्या हार्ड डिस्क न सांगता बंद पडतात.

यात पक्ष्यांचाही फायदा आहे. घरट्यापाशी आणखी एकदा गर्दी करण्यापेक्षा जुन्याच फाइलवर एक संध्याकाळ घालवलेली बरी. शिवाय ठिपक्यांत हरवलेला पक्षी स्वच्छ फोटोत ओळखू आला, तर जुन्या तारखेची नोंद ई-बर्डवर आजही करता येते. तारीख फोटोच्या एक्सिफ माहितीत मिळते. जागा मात्र आठवून लिहावी लागते, कारण त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत जीपीएस नव्हते.