दाताला तार, काम मात्र हाडाचं

“डॉक्टर, जरा जोरात आवळा, म्हणजे लवकर होईल.” दंतवैद्याच्या खुर्चीजवळ उभ्या असलेल्या पालकांची ही घाई समजण्यासारखी आहे, पण उपयोगाची नाही. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा हलका दाब सतत पडत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. दाब जास्त झाला तर त्या थरातला रक्तपुरवठाच तुटतो आणि दात जागच्या जागी अडून बसतो. दीड-दोन वर्षं लागतात ती याचमुळे.

पूर्वी स्टीलची तार वळवायची आणि दर खेपेला पुन्हा वळवायची. निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला; 1970 च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांसाठी वापरला. ही तार वेडेवाकड्या दातांतून वाकवून बसवली तरी आपला मूळ आकार विसरत नाही. त्या आकाराकडे परतताना ती दातांनाही हळूहळू सोबत नेते. त्याच दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटमध्येच, म्हणजे दातावर बसवून तार धरणाऱ्या तुकड्यातच, घडवला. म्हणून सुळ्याचं ब्रॅकेट पुढच्या दाताला चालत नाही.

ब्रॅकेट चिकटतं कसं, ही गोष्ट यवतमाळकरांनी नीट ऐकावी. दातावर फॉस्फोरिक आम्लाची जेल लावतात, धुतात, वाळवतात. दात खडूसारखा पांढरट दिसू लागला की त्यावर चिकटद्रव्याचा ठिपका, त्यावर ब्रॅकेट आणि वरून निळा प्रकाश. आम्लाची ही युक्ती 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवली. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं चढवावं लागे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी जामणी, वणी या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. दाताच्या अशा आवरणावर आम्ल नीट चढत नाही आणि ब्रॅकेट पुन्हा पुन्हा सुटतं. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर तयारी वेगळी करता येते. डाग मात्र तारेने जात नाहीत.

फायदा काय? फार पुढे आलेले दात पडण्या-धडपडण्यात आधी तुटतात. ते आत आले की तो धोका कमी होतो. चावणं सुधारतं, ब्रश सगळीकडे पोचतो आणि हसताना तोंडावर हात जात नाही. हा शेवटचा फायदा मला मुळीच वरवरचा वाटत नाही. तार असताना मात्र कीड लागायची भीती वाढते, कारण अन्न ब्रॅकेटभोवती अडकतं. फुटाणे, ऊस दूर ठेवावेत. सुपारी-तंबाखूचा खर्रा तर बंदच. सुपारीने ब्रॅकेट उडतं आणि तंबाखूचं नुकसान तोंडभर होतं.

खर्चाची धास्ती असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळचं सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय इथे विचारून पाहावं.

तार निघाली की दातांना नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर सुरू होतो, आणि खरी शिस्त इथेच लागते. ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात. बारावीनंतर पुण्याला निघालेली मुलं रिटेनर घरीच विसरतात आणि दोन दिवाळ्यांत खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढतात.