हापूसचं रोप खरं की खोटं? डीएनए तपासणीत मिठाचं काय काम?

आंब्याचं रोप नेमक्या कोणत्या जातीचं, हे पानातल्या डीएनएवरून तपासता येतं. अडचण एकच: पानातल्या चिकट शर्करा डीएनएसोबत येतात आणि पीसीआर चाचणी बिघडवतात.

त्यावर उपाय म्हणजे सीटॅब. हा साबणासारखा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट. त्याचे भाऊबंद तुमच्या हेअर कंडिशनरमध्येही असतात. सीटॅबच्या रेणूचं डोकं धनभारित, शेपूट तेलकट. डीएनए मात्र ऋणभारित. त्यामुळे कमी मिठाच्या पाण्यात दोघं घट्ट चिकटतात आणि साका होऊन तळाशी बसतात.

मग मीठ काय करतं?

मिठातले सोडियमचे कण डीएनएभोवती गर्दी करतात, क्लोराइडचे कण सीटॅबभोवती. दोघांमधली ओढ कमी होते आणि डीएनए पाण्यात मोकळा राहतो. शर्करा आणि प्रथिनं मात्र सीटॅबसोबत क्लोरोफॉर्म वापरून बाजूला काढता येतात.

म्हणूनच या द्रावणात लिटरमागे सुमारे ८२ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त. हे प्रमाण फार कमी झालं, तर डीएनएच सीटॅबला चिकटून कचऱ्यात जातो. मग तपासायला उरतं काय?